आधी एक हंगाम पाण्यावर काढ

पत्र:

“ताई, माझं वय २३. गाव दापोली तालुक्यात, अगदी किनाऱ्यावर. बाबा तांडेल, मासेमारी बोटीचे प्रमुख, आहेत. सिव्हिलची पदवी घेऊन गेलं वर्षभर पुण्यात एका आरसीसी कन्सल्टंटकडे इमारतींचं डिझाइन करते. काम वाईट नाही, पण मन लागत नाही. मला धक्के, ब्रेकवॉटर (लाटा अडवणारे बांध), बंदरं, समुद्रातले प्लॅटफॉर्म यांचं डिझाइन शिकायचंय. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘समुद्रावर जायला लागू नये म्हणून तर तुला शिकवली.’ काका म्हणतात, यात नोकऱ्याच नाहीत. एम.टेक. इथे करू की बाहेर जाऊ? साइटवर न जाता नुसतं डिझाइन करता येईल का? मुलींना तिथे घेतात का? आणि एक गोष्ट कोणाला विचारता येत नाही. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला विरोध करणाऱ्यांत आमचे नातेवाईक आहेत. मी बंदरं बांधायला निघाले, तर मी त्यांच्या विरोधात गेले असं होईल का?
– एक वाचक, पुणे”

उत्तर:

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तीस वर्षांपूर्वी मलाही हेच प्रश्न पडले होते, फक्त शेवटचा सोडून. तो प्रश्न तुला तेविसाव्या वर्षी पडला, याचं मला फार बरं वाटलं. त्याच्याकडे मी नंतर येते.

साइटवर न जाता नुसतं डिझाइन करता येईल का, हे आधी घेऊ. करता येतं. करणारे पुष्कळ आहेत. पण तू तसं करू नयेस असं मला मनापासून वाटतं, आणि का ते सांगायला मला माझी एक चूक सांगावी लागेल.

मी नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. एका खाडीतल्या जेटीचं काम होतं. पाइल, म्हणजे तळात रोवलेले खांब, झाले होते, त्यांच्यावरच्या आडव्या बीमचं ड्रॉइंग ऑफिसात बसून मीच काढलेलं. बीमचा तळ कुठे ठेवायचा हे मी वरच्या डेकच्या उंचीवरून आणि बीमच्या खोलीवरून ठरवलं. हिशेब बरोबर होता. ताकद पुरेशी, वाकणं मर्यादेत. मग मला साइटवर पाठवलं आणि तोच बीम ओतायची पाळी माझ्यावर आली. तेव्हा कळलं की बीमचा तळ भरतीच्या पाण्याखाली जातो. म्हणजे ओहोटीत शटरिंग, काँक्रीट ओतायचा साचा, उघडं पडल्यापासून पाणी परत येईपर्यंत जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात काँक्रीट ओतून, व्हायब्रेटर मारून, मोकळं व्हायचं. तक्त्याप्रमाणे साडेतीन तास होते. दीड तास झाला आणि पंपाची पाइपलाइन चोक झाली. ती सोडवेपर्यंत पाऊण तास गेला. आमचे मुकादम मालवणकडचे, वयस्क गृहस्थ. ते कठड्यावर उभे राहून पाण्याकडे बघत होते. म्हणाले, “बाई, सुकती संपली. पाणी फिरलं.” माझ्या घड्याळाप्रमाणे अजून वेळ होता. अर्धा बीम ओतून थांबायचं तर मधे सांधा येणार, म्हणून मी चालू ठेवायला सांगितलं. पण तक्ता बंदराच्या तोंडाचा होता आणि आम्ही आत खाडीत होतो. त्यात उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरतीचे, दिवस. पाणी शटरच्या फटीतून आत आलं. चौथ्या दिवशी फळ्या काढल्या, तर बाहेरच्या अंगाला सिमेंट धुपून गेलेलं, नुसती खडी दिसत होती. बोटाने उकरली तर निघत होती. तो बीम फोडायला माणसांना नऊ दिवस लागले, आणि तेही ओहोटीतच, दिवसाला तीन-तीन तास.

त्या नऊ दिवसांत माझ्या लक्षात आलं की बीमचा तळ मी अर्धा मीटर वर घेतला असता, किंवा खालचा भाग किनाऱ्यावर आधीच ओतून वर बसवायचा असं ड्रॉइंग काढलं असतं, तर हे काहीच झालं नसतं. समुद्राकाठच्या डिझाइनमध्ये ‘हे बांधायचं कसं’ हा प्रश्न ‘हे टिकेल का’ या प्रश्नाच्या आधी येतो. इमारतीत कॉलमचं काँक्रीट दोन तास उशिरा आलं तर ठेकेदार चिडतो. इथे दोन तासांनी कॉलमच पाण्याखाली असतो.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. एम.टेक. जरूर कर, पण आधी एक हंगाम पाण्यावर काढ. आपल्या किनाऱ्यावर उघड्या समुद्रातलं काम पावसाळ्यात बंद असतं, साधारण ऑक्टोबर ते मे एवढाच हंगाम. ते आठ महिने एखाद्या जेटीच्या, बंधाऱ्याच्या किंवा बंदराच्या कामावर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून जा. निवड करता आली तर नव्या कामापेक्षा जुन्या जेटीच्या दुरुस्तीचं काम घे. हे ऐकून तुझे मित्र नाकं मुरडतील. दुरुस्तीच्या कामाला कोणी मान देत नाही, फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं. पण समुद्र बांधकामाचं काय करतो हे दुरुस्तीतच दिसतं.

ओहोटीला होडीतून जेटीच्या खाली जा. हातात साधी हातोडी असू दे. पाइल खालून वर बघत ये. सगळ्यात खाली, जो भाग कायम पाण्यात असतो, तिथे कालवं आणि शेवाळ चिकटलेलं असेल, पण काँक्रीट बहुधा ठणठणीत असतं. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि त्याच्या जरा वर, जिथे लाटांचे शिंतोडे उडतात, तिथे तपकिरी ओघळ दिसतील. हातोडी मारून बघ. चांगल्या काँक्रीटचा आवाज टणक येतो. आतून सुटलेल्याचा पोकळ, माठ फुटका असल्यासारखा. अशा ठिकाणी दोन-चार ठोक्यांत कपचा हातात येतो आणि आत सळई नसून पापुद्रे असतात.

असं का होतं? मला वाटायचं, जिथे पाणी जास्त तिथे गंज जास्त. तसं नाही. काँक्रीटमधला चुना सळईभोवती एक पातळ संरक्षक थर धरून ठेवतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला क्लोराइड हळूहळू आत झिरपतो आणि तो थर फोडतो. पण गंज धरायला प्राणवायूही लागतो, आणि कायम बुडालेल्या काँक्रीटमध्ये तो फारसा पोचत नाही. शिंतोड्यांच्या पट्ट्यात मात्र तिन्ही गोष्टी एकत्र येतात. मीठ येतं, ओल येते, हवा येते. त्यात उन्हाने पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, रोज थोडं थोडं साठत. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आतूनच काँक्रीट फोडतो. ‘आयएस ४५६’ या काँक्रीटच्या भारतीय मानकात भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या बांधकामाला सगळ्यात कडक वर्गात टाकलंय. निदान एम ४० ताकदीचं काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० च्या आत, सळईवर ७५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण. पूर्ण बुडालेला भाग त्याच्या दोन पायऱ्या खाली आहे. हा तक्ता मी कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केला होता. त्याचा अर्थ मला जेटीखाली, होडीत उकिडवं बसून कळला. ते अंतर धरून ठेवणारा कव्हर ब्लॉक सरकला आणि ७५ चे ४० झाले, तर ५० वर्षांच्या हिशेबाने बांधलेली जेटी विसाव्या वर्षीच दुरुस्तीला येते.

आता डिझाइनकडे. इमारतीचं डिझाइन येणाऱ्या मुलीला इथे काय नवीन शिकावं लागेल, तर आधी भार. तू आज स्वतःचं वजन, माणसं, वारा आणि भूकंप यांचा विचार करतेस. धक्क्यावर मोठा भार येतो तो जहाजाचा, आणि तोही वजनाचा नाही, वेगाचा. एक लाख टन विस्थापनाचं, म्हणजे मालासकट तेवढ्या वजनाचं, जहाज सेकंदाला फक्त १० सेंटिमीटर वेगाने धक्क्याला टेकतंय असं धर. डोळ्यांना ते जवळजवळ थांबलेलं दिसतं. त्याची ऊर्जा काढ: ताशी ३६ किलोमीटर वेगाने येणाऱ्या १० टनी ट्रकएवढी भरते. त्यात जहाजाबरोबर ओढल्या जाणाऱ्या पाण्याचा वाटा अजून धरलेला नाही. हे सगळं रबरी फेंडरने, म्हणजे धक्क्याला लावलेल्या गादीने, गिळायचं आणि उरलेला धक्का पाइलने सोसायचा. ‘आयएस ४६५१’ हे बंदरांच्या नियोजनाचं आणि डिझाइनचं आपलं भारतीय मानक. ते काढून हा हिशेब एकदा हाताने कर.

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मची गोष्ट वेगळी. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, १९७४ साली तिथे तेल लागलं आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. तिथले प्लॅटफॉर्म पोलादी नळ्यांच्या जाळीच्या सांगाड्यावर उभे आहेत. तिथे एका मोठ्या लाटेइतकीच भीती असंख्य लहान लाटांची असते. सरासरी आठ सेकंदाला एक लाट धरली, तर वर्षाला जवळजवळ ४० लाख लाटा होतात आणि २५ वर्षांत १० कोटींच्या घरात. नळ्यांच्या प्रत्येक वेल्डला तेवढे झटके बसतात. त्यामुळे तिथे वेल्डचा थकवा हा डिझाइनचा अर्धा जीव असतो. तुला स्टीलची आवड असेल तर ही वाट बघ. पण तिचा धोकाही नीट समजून घे. २७ जुलै २००५ ला मुंबई हायवर एक मदतीचं जहाज प्लॅटफॉर्मच्या वायूवाहिनीवर आदळलं, आग लागली, आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म नाहीसा झाला. २२ माणसं गेली. ते मी वाचते तेव्हा अजूनही पोटात गोळा येतो. कुठली नळी कुठल्या बाजूला ठेवायची, जहाज कुठल्या अंगाने लागणार, हे ठरवणाऱ्या टेबलांवर आपल्यासारखेच लोक बसलेले असतात.

आणि मग लाटा. दगडी ब्रेकवॉटरच्या प्राथमिक हिशेबात कवचाच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या थराच्या, दगडाचं वजन लाटेच्या उंचीच्या घनाप्रमाणे वाढतं. लाट दुप्पट धरली तर दगड आठपट जड लागतो. म्हणून लाटेची उंची ठरवण्यात जरा चूक झाली तर ती डोंगराएवढी होऊन बाहेर पडते. एवढे मोठे दगड खाणीतून निघत नाहीत, म्हणून टेट्रापॉड आले. मरीन ड्राइव्हवर जे चार पायांचे ठोकळे तू पाहिलेस ते. १९५० च्या सुमारास फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत ते तयार झाले. पुढे दक्षिण आफ्रिकेत डोलोस नावाचा आणखी सडपातळ ठोकळा निघाला, तो एकमेकांत छान गुंततो. पोर्तुगालमध्ये सिनेस बंदराच्या ब्रेकवॉटरवर असे ४२-४२ टनांचे डोलोस रचले होते. फेब्रुवारी १९७८ च्या वादळात त्यातले हजारो तुटले, निखळले आणि वाहून गेले. प्रयोगशाळेतल्या छोट्या प्रतिकृतीत ते जागचे हललेही नव्हते म्हणावं इतके स्थिर होते. घोळ असा की प्रतिकृतीत ठोकळ्याचा आकार आणि वजन प्रमाणात लहान करता येतं, पण त्याच्या काँक्रीटची ताकद त्या प्रमाणात कमी होत नाही. छोटा ठोकळा त्याच्या मापाने फारच मजबूत ठरतो. ४२ टनी ठोकळा मात्र हलला, दुसऱ्यावर आपटला की स्वतःच्याच वजनाने मोडतो, आणि त्यात सळई नव्हती. या एका घटनेवर तू आठवडाभर विचार कर. स्ट्रक्चरवाले आणि लाटांचे जाणकार वेगवेगळ्या खोल्यांत बसले तर काय होतं, ते यात दिसतं. मला तू दोन्ही खोल्यांत जाणारी व्हायला हवी आहेस.

पुण्यात आहेस हे तर नशीबच म्हणायचं. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. देशातल्या कितीतरी बंदरांच्या प्रतिकृती तिथे झाल्या आहेत. परवानगी काढून एकदा जाऊन ये. एकास एकोणपन्नास मापाच्या प्रतिकृतीत वेळ सातपट आवळला जातो, म्हणजे समुद्रातलं एका तासाचं वादळ तिथे साडेआठ मिनिटांत उरकतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जेवायला जायचं विसरले होते.

नोकऱ्यांचं काकांना काय सांगायचं? इमारतींच्या मानाने जागा कमी आहेत हे त्यांचं म्हणणं खरं. पण माणसं त्याहून कमी आहेत. मुंबईत अटल सेतू झाला, २१.८ किलोमीटरपैकी १६.५ किलोमीटर समुद्रावर. किनारी रस्ता झाला. जुन्या जेट्या तर कारवारपासून डहाणूपर्यंत दुरुस्तीची वाट बघत उभ्या आहेत. सरकारी बाजूला मेरीटाइम बोर्ड आहे, मोठ्या बंदरांची प्राधिकरणं आहेत, धूपप्रतिबंधक बंधारे बघणारा पत्तन विभाग आहे. खासगीत बंदरांची कामं करणारे ठेकेदार आणि त्यांची डिझाइन ऑफिसं बहुतेक मुंबई आणि चेन्नईत आहेत. समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी २०२४ मध्ये केंद्राने गुजरात आणि तमिळनाडूत मिळून १,००० मेगावॉटला मदत मंजूर केली, पण त्या भरवशावर आज करिअर ठरवू नकोस, ते काम पाण्यात उतरायला वेळ आहे. पगार सुरुवातीला इमारतीच्या कामाएवढाच मिळेल. फरक पाच-सात वर्षांनी पडतो, तोही साइट आणि डिझाइन दोन्ही केलेल्यालाच.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. गेट या प्रवेशपरीक्षेचा सिव्हिलचा पेपर दे. आयआयटी मद्रासचा महासागर अभियांत्रिकी विभाग माझ्या मते देशातला पहिला पर्याय, मग आयआयटी खरगपूर आणि एनआयटी सुरतकल. बाहेर जायचंच तर नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट. १९५३ च्या पुरात १,८३६ माणसं गमावल्यावर त्या देशाने हे शास्त्र घरातल्या भाषेसारखं शिकलंय. तेल-वायूचं आणि पवनचक्क्यांचं करायचं तर नॉर्वेत ट्रॉन्डहाइम. पण कर्ज काढून लगेच बाहेर जाण्यापेक्षा आधी इथे एक हंगाम आणि मग इथे किंवा तिथे, हा क्रम मोडू नकोस. हंगाम केलेला विद्यार्थी वर्गात वेगळे प्रश्न विचारतो. दरम्यान संध्याकाळी लाटांचं गणित वाच. लाटांच्या अभ्यासाचं ‘स्वान’ हे सॉफ्टवेअर डेल्फ्टचंच आहे आणि फुकट मिळतं. कंपन्या वापरतात ती महागडी सॉफ्टवेअरं नोकरीत शिकशील, त्यांच्या क्लासला पैसे घालवू नकोस.

मुलींना घेतात का? ऑफिसात सर्रास. साइटवर पूर्वीपेक्षा बरंच, पण अजून पुरेसं नाही. मी गेले तेव्हा बार्जवर, म्हणजे कामाच्या सपाट तरंगत्या बोटीवर, बाईसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. सकाळी पाणी न पिता जायचं आणि दुपारी किनाऱ्यावर येईपर्यंत थांबायचं, असं मी एक अख्खा हंगाम केलं. मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, तापाने पंधरा दिवस झोपून होते. तेव्हा मी ते निमूटपणे सोसलं, आणि ते मी चुकीचं केलं. तू सोसू नकोस. मुलाखतीतच विचार: बार्जवर आणि साइटवर स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे का, राहायची सोय कुठे, रात्रपाळीच्या ओहोटीला काम असलं तर परत सोडायला गाडी आहे का. हे प्रश्न नाजूक नाहीत, कामाचे आहेत. उत्तर देताना समोरचा चुळबुळला तर ती साइट सोड. आणि लाइफ जॅकेटशिवाय कठड्याच्या पुढे पाऊल नाही, जेटीखाली एकटीने जायचं नाही, होडीवाल्याला परतीची वेळ सांगूनच उतरायचं. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर जाणार असशील तर पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून सुटायचं प्रशिक्षण असतं, ते टाळण्याची वाट कोणी दाखवली तरी टाळू नकोस.

आता वाढवण.

हे बंदर साधं नाही. २०२४ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. त्यात समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव आहे आणि १० किलोमीटरहून लांब ब्रेकवॉटर. तुझ्या नातेवाइकांची भीती नुसती मनातली नाही. जिथे भराव पडतो तिथे मासेमारी संपते, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. आणि भरावाच्या पलीकडे काय होतं ते आपल्या देशाने पाहिलंय. चेन्नईचं बंदर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. त्या किनाऱ्यावर वाळू वर्षभराच्या हिशेबात दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. बंदराच्या भिंतीने ती अडवली. दक्षिणेला मरीना रुंदावला, लोक फिरायला जाऊ लागले. उत्तरेला रायपुरमचा किनारा समुद्राने खाल्ला, तिथे कोळ्यांची वस्ती होती. शंभर वर्षांनी, १९८० च्या दशकात, पुद्दुचेरीला नवं बंदर केलं आणि तेच पुन्हा झालं. शहरासमोरची पुळण गेली, दगड टाकून भिंत करावी लागली. मग २०१८ च्या सुमारास चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने तिथे पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी बांध बसवला आणि काही भागात वाळू परत आली. एका बांधकामाने नेलेली वाळू दुसऱ्या बांधकामाने आणली. दोन्हीकडे अभियंतेच होते. पहिल्यांनी भिंत पाहिली, दुसऱ्यांनी वाळू पाहिली.

वरळीचंही तुला आठवत असेल. किनारी रस्ता सागरी सेतूला जोडताना कोळीवाड्यासमोर दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलं होतं. कोळी म्हणाले, वाऱ्या-उधाणात आमच्या बोटी यातून सुखरूप जाणार नाहीत. ते १६० मीटर मागत होते. काम अडलं, बरेच दिवस वाद झाला, शेवटी २०२२ च्या डिसेंबरमध्ये एक खांब गाळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. पूर्ण मागणी मान्य झाली नाही. पण मला या गोष्टीत वाईट एवढंच वाटतं की हा प्रश्न काम निम्म्यावर आल्यावर सुटला. पहिल्या दिवशी डिझाइनच्या टेबलावर बोट हाकलेलं एखादं माणूस असतं, तर ‘या खांबांमधून उधाणाच्या दिवशी बोट कशी काढणार?’ हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला असता.

तू ते माणूस आहेस. तांडेलाची मुलगी आहेस, तुझ्या घरात उधाण आणि भांग (मोठी आणि लहान भरती) हे शब्द जेवताना बोलले जातात. वाढवणवर काम करायचं की नाही, हे तू ठरव. नाही म्हणालीस तर तुझ्या पोटाला कमी पडणार नाही, एवढी कामं किनाऱ्यावर आहेत. मी तुझ्या जागी असते तर नातेवाइकांच्या अंगणातून ज्याला विरोध होतोय त्या कामावर पहिली नोकरी घेतली नसती. पण हा धंदाच तुझ्या माणसांच्या विरोधातला आहे असं मी मानत नाही. तुझ्या गावाला बोटी लावायला धक्का हवाय, वाळू धरून ठेवायला उपाय हवाय. आणि उद्या कुठल्याही बंदराचा पर्यावरण अहवाल गावात सुनावणीला आला, तर किनाऱ्याच्या बदलाचं प्रकरण उघडून ‘यात वाळूची मोजणी फक्त एकाच ऋतूची आहे, पावसाळ्याची कुठे आहे?’ असं विचारणारं कोणीतरी त्या मांडवात असायला हवं. ते विचारायला शिक्षण लागतं. तू ते घेते आहेस.

राहिले बाबा. त्यांचं म्हणणं मला कळतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबई हायजवळ बार्ज बुडून सत्तरहून अधिक माणसं गेली, ती बातमी त्यांनीही पाहिली असेल. ज्याने आयुष्यभर समुद्र पाहिलाय त्याची भीती वाद घालून जात नाही, घालूही नकोस. त्यांना एवढंच सांग की तुला समुद्रावर राहायचं नाहीये, समुद्राकाठी जे उभं राहतं ते नीट उभं करायला शिकायचंय, आणि त्यातली पहिली गोष्ट तुला त्यांच्याकडूनच शिकायची आहे.

गणपतीत घरी जाशील, तेव्हा पाऊस असेल, तेव्हा नको. दिवाळीच्या सुट्टीत जा. अमावास्येच्या आसपास ओहोटी खोल असते. एक हातोडी, मापाची पट्टी, टॉर्च आणि वही घे. तुमच्या जवळच्या जुन्या जेटीच्या खाली बाबांबरोबर होडीने जा. प्रत्येक पाइलवर कुठून कुठपर्यंत शेवाळ आहे, कुठे ओघळ आहेत, कुठे आवाज पोकळ येतो, ते वहीत काढ. किती वेळ थांबता येईल हे बाबांना विचार. ते ‘आता निघू या’ म्हणाले की तक्ता काय म्हणतो ते बघत बसू नकोस, निघ. आणि ती वही मला पाठव, मी वाट बघते.